अ‍ॅली पॅलीच्या टेकडीवर दोन रात्री, आणि तिसऱ्या दिवशी विसर्जन

सोमवार, २५ सप्टेंबर २०२३

तिकिटं फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीतरी काढली तेव्हा कॅलेंडर बघितलंच नव्हतं. द नॅशनल हा अमेरिकन रॉक बँड लंडनला दोन रात्री वाजवणार, अलेक्झांड्रा पॅलेसला, २६ आणि २७ तारखेला, एवढं वाचलं आणि दोन्ही रात्रींची दोन-दोन तिकिटं टाकली कार्टमध्ये. एक माझं, एक ऑफिसमधल्या मित्राचं. गणपती त्याच आठवड्यात आहेत हे ताईच्या फोनमुळे कळलं. "येतोयस तर अठ्ठावीसला विसर्जन करूनच जा, नाहीतर येऊ नकोस" असं थेट. ताई म्हणजे माझी मावसबहीण, लंडनमधल्या हॅरोला राहते, तिच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तर बर्मिंगहॅमहून दुपारचा कोच पकडला. मोटरवेवर पुढे कुठेतरी अपघात झाला होता, दीड तास एकाच पुलाखाली उभे. माझी तक्रार नव्हती, कारण ऐकायला नवाकोरा अल्बम होता. त्याची गंमत अशी की बँडने एप्रिलमध्येच एक अख्खा अल्बम काढला होता, त्याचीच ही टूर, आणि दहा दिवसांपूर्वी स्वतःच्याच गावच्या फेस्टिवलमध्ये स्टेजवरून सांगून टाकलं की अजून एक तयार आहे, सोमवारी येतोय. १८ तारखेला आला पण. लाफ ट्रॅक नाव. त्यातलं शेवटचं गाणं साधारण आठ मिनिटांचं आहे आणि ते व्हँकूव्हरला एका साउंडचेकमध्ये रेकॉर्ड झालंय, म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये वायरी तपासता तपासता. ते मी त्या पुलाखाली चारदा ऐकलं.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच जण, सगळे मूळचे ओहायोतल्या सिनसिनाटीचे, बँड जमला १९९९ मध्ये ब्रुकलिनला. गायक मॅट बर्निंगर सोडला तर बाकीचे चौघं म्हणजे भावांच्या दोन जोड्या. आरन आणि ब्राइस डेस्नर जुळे, हे गिटार, पियानो आणि बरंच काही. स्कॉट डेव्हेनडॉर्फ बेस, ब्रायन डेव्हेनडॉर्फ ड्रम्स. सुरुवातीची बरीच वर्षं कुणी विचारत नव्हतं, सगळे दिवसा नोकऱ्या करायचे. २००५ च्या टूरला तर असं व्हायचं की ह्यांच्या आधी वाजवणारा बँड तेव्हा अचानक हिट झालेला, लोक त्यांना ऐकायचे आणि मेन बँड स्टेजवर यायच्या आत निघून जायचे. स्वतःच्याच शोला स्वतःच उरलेले. मला वाटतं ती अपमानाची वर्षं अजून ह्यांच्या वाजवण्यात आहेत, कधी कधी अजूनही असं वाजवतात की जणू दार उघडं आहे आणि माणसं चालली आहेत, थांबवा त्यांना.

हॅरोला पोचेपर्यंत आरती होऊन गेली होती. ताईने ताटात पिठलं-भात वाढला आणि विचारलं, कसली गाणी असतात रे? मी म्हटलं, दुःखी. "आणि त्यासाठी तू तीन दिवस रजा घेतलीस?" दाजी हसले. भाची म्हणाली, "आई, आरन डेस्नर म्हणजे टेलर स्विफ्टचा फोकलोर अल्बम ज्याने केला ना तो." ताईचा चेहरा तेवढ्यापुरता बदलला.

रात्री मित्राचा मेसेज. मुलाला ताप, दोन्ही दिवस जमणार नाही. मंगळवारचं तिकीट रीसेलला टाकलं, दहा मिनिटांत गेलं. बुधवारचं ठेवलं. का ठेवलं, माहीत नाही.

मंगळवार, २६ सप्टेंबर

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून पिकॅडिली लाइनने वुड ग्रीन, आणि मग डब्ल्यू-थ्री बस जी तुम्हाला थेट टेकडीवर नेऊन सोडते. पावणेदोन पौंड. बसमध्ये माझ्यासारखेच सगळे, चाळिशी-पंचेचाळिशीचे, दाढ्या, काळे किंवा गडद निळे शर्ट, कुणाच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग, म्हणजे ऑफिसातून सरळ आलेले. ह्या बँडचे फॅन स्वतःलाच सॅड डॅड म्हणवून घेतात. पण ह्या वेळी मधेमधे अठरा-वीसच्या मुली पण दिसत होत्या, मनगटावर मण्यांच्या बांगड्या, ती सगळी टेलरकृपा. एका काकांनी एका मुलीला विचारलं की पहिल्यांदाच का, तिने सांगितलं हो, तर काका म्हणे रुमाल आणलायस ना. जोक होता की सूचना, कळलं नाही.

अ‍ॅली पॅली (अलेक्झांड्रा पॅलेसला सगळे हेच म्हणतात) ही अजब वास्तू आहे. १८७३ ला उघडली आणि १६ दिवसांत जळाली. दोन वर्षांत परत बांधली. १९३६ मध्ये बीबीसीने नियमित टीव्ही प्रक्षेपण सुरू केलं ते इथूनच, तो मनोरा अजून उभा आहे. १९८० मध्ये परत आग. परत बांधली. हल्ली डार्ट्सची वर्ल्ड चँपियनशिप इथे होते, बर्फावर स्केटिंग चालतं, आणि मधल्या वेळात आमच्यासारखे लोक येऊन हमसून रडतात. बाहेरच्या कट्ट्यावर उभं राहिलं की अख्खं लंडन खाली पसरलेलं दिसतं, शार्ड, कॅनरी वॉर्फ, सगळं. मी अर्धा तास तिथेच होतो. पाऊस नव्हता.

आत ग्रेट हॉल. दहाएक हजार माणूस मावतो, एका टोकाला गोल रंगीत काचेची खिडकी, दुसऱ्या टोकाला स्टेज. मी डावीकडून हळूहळू सरकत सरकत पुढून दहाव्या-बाराव्या रांगेत पोचलो. रांग वगैरे नसतेच म्हणा, उभंच राहायचं असतं.

आता खरं सांगायचं ते हे. रेकॉर्डवर हा बँड ऐकला तर वाटतं, एक जाडसर आवाजाचा माणूस रात्री दोन वाजता किचनमध्ये बसून स्वतःशी पुटपुटतोय. लग्न, दारू, झोप न येणं, पार्टीत कुणाशी काय बोलायचं ते न सुचणं, असले विषय. सगळ्यांना म्हणून वाटतं की कॉन्सर्ट पण तसंच शांत असणार. पहिल्या तीन गाण्यांत तो गैरसमज गेला. आवाज इतका मोठा होता की शर्टाचं कापड छातीवर थरथरत होतं.

आणि ह्याचं सगळं श्रेय माझ्या मते मागे बसलेल्या त्या एका माणसाला आहे. मी पुण्यात असताना सहा वर्षं पथकात ताशा वाजवलाय, त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी ढोल-ताशाकडेच जाते, सवय. ब्रायन डेव्हेनडॉर्फ काय करतो तर गाणं कितीही मरगळलेलं असू दे, गायक कितीही खाली मान घालून उभा असू दे, हा खालून पळत असतो. साधा एक-दोन-तीन-चार ठेका क्वचितच. फ्लोअर टॉमवर, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर, असं काहीतरी विणत राहतो जे एकदा सुरू झालं की गाणं संपेपर्यंत ढिलं होत नाही, ताशाची तर्री जशी मिरवणूक थांबली तरी चालू असते ना, ढोलवाले पाणी पीत असतात, ध्वजवाले घाम पुसत असतात आणि ताशावाला एकटा ती हवा टिकवून धरतो, तसं. शब्द बसलेले, ढोल धावतोय. त्या दोन्हींच्या मधल्या फटीतून ते जे काय येतं ते अंगावर येतं.

पियानोवर सुरू होणारं ते प्रसिद्ध गाणं, फेक एम्पायर, त्यात तर सुरुवातीला ड्रम्स नसतातच. एका हाताला तीन, दुसऱ्याला चार, असा पियानो, त्यामुळे सम कुठे आहे तेच कळत नाही, पाय कुठे आपटायचा? (हे गाणं २००८ मध्ये ओबामांच्या प्रचाराच्या व्हिडिओत वापरलं होतं, नुसतं म्युझिक. शब्द घेतले असते तर लोक झोपायला गेले असते.) आणि मग एका क्षणी ड्रम्स येतात आणि सम सापडते आणि दहा हजार माणसं एकदम श्वास सोडतात. शेवटी ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. माझ्या शेजारचा टाय घातलेला माणूस टाय सोडवून हवेत फिरवत होता.

बर्निंगर मात्र त्या रात्री माझ्यापासून लांब, उजवीकडून खाली उतरला. आम्हाला फक्त उंचावलेले फोन आणि त्यांच्यामधून जाणारा एका पिकलेल्या डोक्याचा ठिपका दिसला.

परत येताना बसला ही रांग. टेकडी उतरून चालत वुड ग्रीनला गेलो. घरी पोचलो तेव्हा साडेबारा, ताई जागीच होती, गणपतीपुढच्या समईत तेल घालत.

"काय, रडलास का?"

"नाही. घसा बसलाय."

"म्हणजे ओरडलास. दुःखी गाण्यांना ओरडतात?"

मी म्हटलं, उद्याचं एक तिकीट जास्तीचं आहे, येतेस?

बुधवार, २७ सप्टेंबर

भाची सकाळी माझ्याशी बोलली नाही. तिची गुरुवारी टेस्ट होती, त्यामुळे प्रश्नच नव्हता, आणि आई जाणार हे तिला सहन होत नव्हतं. "मामा, तिला एक पण गाणं माहीत नाहीये." खरं होतं ते. मी तिला टी-शर्ट आणायचं कबूल केलं.

दिवसभर काही केलं नाही. मोदकांचं सारण ढवळलं. ताईला बँडच्या दोन-चार गोष्टी सांगितल्या, त्यातली एक तिला आवडली: २०१३ मध्ये न्यूयॉर्कला एका म्युझियममध्ये ह्यांनी एकच गाणं सलग सहा तास वाजवलं, आइसलँडच्या एका आर्टिस्टच्या कल्पनेवरून. साडेतीन मिनिटांचं गाणं, शंभरहून जास्त वेळा. नावच सॉरो. ताई म्हणाली, "म्हणजे जप." मी इतकी वर्षं लोकांना ही गोष्ट सांगतोय, परफॉर्मन्स आर्ट वगैरे शब्द वापरून, आणि हिने एका शब्दात निकाल लावला.

दुसरी गोष्ट पण सांगितली, बर्निंगरची. करोनानंतरच्या काळात त्याला डिप्रेशन आलं, वर्षभर एक ओळ सुचेना, बँड चालेल की नाही अशी वेळ. हे तो स्वतःच मुलाखतींमध्ये बोललाय. ताईने विचारलं, मग आता तीच गाणी रोज म्हणताना त्रास नाही होत? मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही.

ताईने पंजाबी ड्रेस, वर जाड स्वेटर आणि पायात वॉकिंगचे शूज. बसमध्ये वर जाताना तिने हळूच विचारलं, "सगळे असेच का रे, तुझ्यासारखे?" म्हटलं हो. ती म्हणाली, "बिचारे."

ह्या वेळी मी शहाणपणा करून उजवीकडे उभा राहिलो. ताईला बॅरिकेडच्या एका कोपऱ्याला टेकायला जागा मिळाली, मागे थोडी मोकळीक. पहिला अर्धा तास तिने कानांवर हात ठेवले होते. मग एक हात काढला. गाण्यांचा क्रम कालच्यापेक्षा बराच वेगळा होता, ह्यांचं हे बरं असतं, दोन रात्री गेलात तर दुसरी रात्र शिळी नसते. तासाभराने ताई माझ्या कानाशी येऊन ओरडली, "हा रडत नाहीये रे, हा चिडलाय!"

आणि तसंच आहे. तो येरझाऱ्या घालतो. मधेच प्रेक्षकांकडे पाठ करून ड्रम्सकडे तोंड करून उभा राहतो. माइक स्टँडला असा धरतो जणू ते पळून जाईल. गाताना डावा हात हवेत कुणाला तरी काहीतरी समजावत असतो, आणि समोरचा ऐकत नाहीये. आपल्याकडे घरात एखादे काका असतात ना, जे वर्षभर गप्प असतात आणि एका लग्नात अचानक सगळ्यांसमोर बोलायला लागतात, तसा प्रकार. त्याच्या दोन्ही बाजूंना जुळे भाऊ, गिटारी उंच धरून एकमेकांकडे बघत, आणि मागून तो ताशा.

मग मिस्टर नोव्हेंबर सुरू झालं. २००५ च्या अल्बममधलं, कोरसमध्ये शिवी आहे आणि अख्खा हॉल ती शिवी मनापासून देतो. बर्निंगर स्टेजवरून उतरला आणि ह्या वेळी सरळ आमच्या बाजूला.

हे जरा सावकाश सांगतो. त्याचा माइक वायरलेस नसतो. साधी वायर, पण प्रचंड लांब, आणि तो गर्दीत जितका आत जातो तितकी ती वायर मागून सोडत राहावी लागते. एक क्रूवाला स्टेजच्या कडेला उभा राहून विहिरीत दोर सोडतात तशी ती सोडत होता. आणि गर्दीत शिरल्यावर ती वायर खाली पडून चालत नाही, कुणी पाय दिला किंवा कुणाच्या गळ्यात अडकली तर संपलं, त्यामुळे लोकच ती डोक्यावरून पास करतात. कुणी सांगत नाही, आपोआप. बर्निंगर माझ्यापासून दोन हातांवरून गेला, शर्ट पूर्ण भिजलेला, चष्मा घसरलेला, एका पोराच्या खांद्यावर हात टाकून त्याच्या तोंडासमोर ओरडत, आणि मागोमाग ती वायर आली. मी हात वर केला आणि ती माझ्या मुठीत आली. कोमट होती. ओली, चिकट, तीसचाळीस लोकांच्या तळहातांचा घाम लागलेली. आणि ती ओढली जात होती, थांबून थांबून, हिसके देत. म्हणजे तिकडे तो माणूस वळला की इकडे माझ्या हाताला कळत होतं. मिरवणुकीत पथकाभोवती दोर धरून चालणारी मंडळी असतात ना, मी पहिल्या वर्षी तेच काम केलंय, ताशा हातात कोण देतंय पहिल्या वर्षी. दोर हातात असला की आत काय चाललंय ते बघायची गरज नसते, हाताला समजतं. अगदी तेच. आठ-दहा सेकंद असेल. मग मागच्या बाईने माझ्या हातातून घेतली.

वळून बघतो तर ताई. दोन्ही हात वर, वायर धरलेली, आणि तोंडाने त्या क्रूवाल्याला मराठीत सांगतेय, "सोड, सोड, अजून सोड!"

शेवटचं गाणं नेहमीचं. व्हँडरलाइल क्रायबेबी गीक्स. ह्याला माइक नसतात. जुळे भाऊ अकूस्टिक गिटारी घेऊन पुढे येतात, सगळे स्टेजच्या कडेला उभे राहतात, बर्निंगर गातच नाही जवळजवळ, नुसता हातवारे करतो, आणि गातो तो हॉल. मागची माणसं पुढच्यांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा, एवढा मोठा हॉल असल्यामुळे, त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा ऐकू येते. ब्रायनसुद्धा पुढे आलेला, हात रिकामे. पहिल्यांदाच ठेका नाही. तेव्हा कळलं की दोन तास आपल्याला कशाने उभं धरलं होतं, कारण तेव्हाच माझं भरून आलं. ताईला शब्द माहीत नव्हते, ती नुसती आ लावून सूर धरत होती, आरतीला शब्द न येणारी माणसं धरतात तसा.

टी-शर्टच्या रांगेत भाचीचा साइज संपला. एक्सएल घेतला. बसची रांग बघून ताई म्हणाली, चालू या. उतारावर अंधारात तिने एकदाच बोलायचा प्रयत्न केला, पण तिचाही आवाज गेला होता.

गुरुवार, २८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. ताई फोनवर खुसपुसत बोलतेय, दाजी सगळ्यांना सांगतायत की बायको घरी आल्यापासून पहिल्यांदा शांतता लाभली. कोच संध्याकाळचा, त्यामुळे विसर्जन दुपारी. भाची टेस्ट देऊन आली, टी-शर्ट बघितला, "मामा, हा तर नाइटी आहे", पण घातला.

आरतीला आम्ही दोघं निकामी. दाजी आणि भाचीने ओढून नेली, शेजारची दोन कुटुंबं होती म्हणून बरं. मागच्या बागेत बादली, शाडूची मूर्ती, कर्दळीच्या पानांवर नैवेद्य. ढोल अर्थातच नाही. दाजींनी मला बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणि दोन लाकडी चमचे दिले, म्हणाले, तू पथकातला ना, होऊ दे.

मी सुरू केलं. चांगलं चाललंय असं मला वाटत होतं. मिनिटभराने बघतो तर कुणी नाचत नाहीये, सगळे जरा गोंधळून उभे, शेजारचे काका पाय उचलून परत ठेवतायत.

दाजी म्हणाले, "अरे, हे काय वाजवतोयस? बाप्पाला झोप यायची."

ताईने दोन्ही हातांत मूर्ती धरली होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नाही येत झोप. वाजव तू."